दोन जावा, पापड आणि ब्लाउज

गटात नवा धंदा ठरवायची वेळ आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तिचा हात कशालाच चालत नाही, तिला घेऊन काय करायचं?" कुणी कुजबुजतं, कुणी तोंडावर बोलतं. मग ती बाई गप्प बसते आणि पुढच्या बैठकीला येतच नाही. आज याच वाक्याचा हिशेब करू. जवळ वही-पेन असेल तर घ्या.

समजा, एका घरात दोन जावा आहेत. थोरली कामाला वाघीण. दिवसभर पापड लाटले तर ४ किलो लाटते, मशीनवर बसली तर ४ ब्लाउज शिवते. धाकटी दिवसाला ३ किलो पापड करते, पण शिवायला बसली तर संध्याकाळपर्यंत एकच ब्लाउज होतो. म्हणजे दोन्ही कामांत थोरलीच पुढे. मग तिला धाकटीची गरज काय?

आता प्रश्न जरा फिरवून विचारा. एक ब्लाउज शिवताना किती पापड लाटायचे राहिले? थोरलीचे १ किलो राहिले. धाकटीचे मात्र ३ किलो. धाकटीचा ब्लाउज फार महागात पडला की नाही? उलट बाजूने बघा. १ किलो पापडासाठी थोरली एका अख्ख्या ब्लाउजला मुकते, धाकटी फक्त ब्लाउजच्या तिसऱ्या हिश्श्याला. म्हणजे हात हळू असला तरी पापड धाकटीकडेच स्वस्त पडतात.

दोघींनी आठवड्यातले ६ दिवस निम्मे-निम्मे वाटले, तर थोरलीचे १२ किलो पापड आणि १२ ब्लाउज, धाकटीचे ९ किलो आणि ३ ब्लाउज. एकूण २१ किलो आणि १५ ब्लाउज. आता धाकटीने सहाही दिवस पापडच लाटले, थोरलीने एक दिवस पापडाला दिला आणि पाच दिवस शिवलं, तर होतात २२ किलो पापड आणि २० ब्लाउज. कुणी जास्त राबलं नाही, नवीन मशीन आणली नाही, कर्ज काढलं नाही. तरी १ किलो पापड आणि ५ ब्लाउज वाढले.

एक काम करताना दुसरं जे सोडावं लागतं, त्याला अर्थशास्त्रात संधीखर्च म्हणतात. हा खर्च पावतीवर येत नाही, म्हणून आपण तो धरतच नाही. "घरच्या घरी केलं, फुकटात झालं," असं म्हणतो. समजा, मिरची कांडपावर न देता दिवसभर घरी कुटली आणि १०० रुपये वाचवले. त्याच दिवशी शेतात ३०० रुपये रोज मिळत होता, तर २०० रुपये गेले. पण हाताला काम नसलेल्या दिवशी तीच मिरची घरी कुटणं परवडतं. काम तेच, कष्ट तेच, हंगामाप्रमाणे त्याची किंमत बदलते. बाईच्या वेळेला किंमत नाही असं समजणाऱ्यांना हा हिशेब जरूर दाखवा. घरातल्यांनाही.

जावांचं गणित मी माझ्या सोयीने मांडलं, पण मूळ विचार दोनशे वर्षांपूर्वीचा आहे. डेव्हिड रिकार्डो या इंग्रज अर्थतज्ज्ञाने तो १८१७ साली पुस्तकात मांडला. त्याने उदाहरण घेतलं कापडाचं आणि द्राक्षाच्या दारूचं. (दारूबंदीसाठी मोर्चे काढणाऱ्या आपल्या गटांना ते रुचणार नाही, पण पुस्तकात तेच आहे!) ठरावीक माल करायला इंग्लंडला वर्षभर कापडासाठी १०० माणसं लागतात, दारूसाठी १२०. पोर्तुगालला कापडासाठी ९०, दारूसाठी ८०. दोन्हींत पोर्तुगाल सरस, आपल्या थोरल्या जावेसारखा. तरी पोर्तुगालने दारू करून कापड घेतलं, तर ९० जणांचं काम ८० जणांत भागतं. इंग्लंडने कापड देऊन दारू घेतली, तर १२० ऐवजी १०० पुरतात. फायदा दोघांना.

पण खरी मेख दरात आहे, आणि इथे बायकाच गप्प बसतात. आपल्या जावांनी एका ब्लाउजला २ किलो पापड असा दर ठरवला आणि ४ ब्लाउजची अदलाबदल केली, तर थोरलीकडे १२ किलो आणि १६ ब्लाउज राहतात, धाकटीकडे १० किलो आणि ४ ब्लाउज. पहिल्यापेक्षा दोघींकडे जास्त. तोच दर ३ किलो केला तर धाकटीच्या हाती वाढीव काहीच येत नाही, सगळा नफा थोरलीचा. १ किलो केला तर उलटं. एकत्र काम केल्याने नफा वाढतो, पण तो कुणाच्या पदरात पडतो हे दर ठरवतो. म्हणून दर बैठकीत सगळ्यांसमोर ठरवा आणि ठरावाच्या वहीत लिहा.

आणखी एक सांगते. पोर्तुगाल आणि इंग्लंडमध्ये १७०३ साली करार झाला होता. इंग्रजी कापडाला पोर्तुगालचा बाजार मिळाला, पोर्तुगीज दारूला इंग्लंडमध्ये जकातीत सवलत. पुढे कापडाच्या गिरण्यांच्या जोरावर इंग्लंड कुठल्या कुठे गेलं, पोर्तुगाल मागे राहिला. तेव्हा आज धाकटीला पापड सोपे पडतात म्हणून जन्मभर तिच्यापुढे पोळपाटच ठेवायचा, असं हा हिशेब सांगत नाही. पावसाळ्यात पापड वाळत नाहीत. त्या दिवसांत तिचा वेळ स्वस्त असतो, तेव्हा तिला मशीनवर बसवा. दिवसाला एकाचे दोन ब्लाउज होऊ लागले, की वरचे सगळे आकडे खोडून पुन्हा मांडावे लागतील.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीला एवढंच विचारा, दिवसभरात कोणतं काम किती होतं आणि ते करताना कोणतं राहून जातं. जी कोपऱ्यात गप्प बसते तिच्यापासून सुरुवात करा.