आदर्शाला गाव असतं

पालघरच्या हुतात्मा स्तंभावरून मुलं रोज शाळेत जातात. १४ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’च्या मोर्चावर इथे गोळीबार झाला. सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र चुरी, सालवडचे सुकुर मोरे आणि पालघरचे रामप्रसाद तिवारी हुतात्मे झाले. ही गावं आमच्याच विद्यार्थ्यांची आहेत. तरी ‘माझा आदर्श’ या विषयावर वक्तृत्व स्पर्धा लागली की घरातल्या मोठ्यांनी लिहून दिलेलं भाषण पाठ होतं आणि ‘सन्माननीय व्यासपीठ’पासून ‘जय हिंद’पर्यंत नुसती विशेषणं ऐकू येतात.

यावर शिक्षकाकडे साधा उपाय आहे. मुलाने ‘त्यांचे कार्य थोर होते’ असं लिहिलं की विचारायचं, ‘म्हणजे त्यांनी नेमकं काय केलं?’ उत्तरात जो प्रसंग येईल, तेच भाषण.

आपल्या जिल्ह्यात अशा प्रसंगांना तोटा नाही. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेल्या अनुताई वाघ १९४५ मध्ये ताराबाई मोडकांसोबत बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडला स्थिरावल्या. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी शाळाच कुरणात नेली. ‘कुरणशाळा’ या एका शब्दावर पाच मिनिटांचं भाषण उभं राहतं. वेठबिगारीविरुद्ध उठलेले वारली आणि त्यांच्यासोबत रानोमाळ फिरलेल्या गोदावरी परुळेकर हा दुसरा विषय. तिसरा गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांचा. आई गेल्यावर हा मुलगा कितीतरी वर्षं बोललाच नाही, मातीत रेघा ओढून मनातलं सांगत राहिला. २०११ मध्ये त्याच हातांना पद्मश्री मिळाली.

बोईसरच्या वर्गात वारली, मांगेली, वाडवळी, गुजराती, हिंदी अशा कितीतरी भाषा शेजारी बसतात. म्हणून गोष्ट आधी घरच्या बोलीत सांगू द्यावी, लिहिणं मागाहून. भाषण पाठ करायला लावू नये. हातात चार मुद्द्यांची चिठ्ठी असली की पुरे. दोन्ही पाय टेकवून उभं राहायचं, श्वास घ्यायचा, शेवटच्या बाकाकडे पाहत पहिलं वाक्य बोलायचं आणि मुख्य प्रसंगाआधी क्षणभर थांबायचं. गाव, साल आणि नाव मात्र तपासूनच घ्यायचं. ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, त्याला आधी चित्र काढू द्यावं. म्हशेंच्या मुलखात एवढं तर आपल्याला जमायला हवं.

एमआयडीसीत रात्रपाळी करून सकाळी डबा भरणारी आईही कुणाचा आदर्श असते. तिच्यावरच्या भाषणाला कमी गुण देऊ नयेत, कारण ते मूल पाहिलेलं सांगत असतं.

पुढच्या १४ ऑगस्टला सालवडच्या एखाद्या मुलीने ‘आमच्या गावचे सुकुर मोरे’ अशी सुरुवात केली, तर त्या ‘आमच्या’साठी वर्षभराची मेहनत सार्थकी लागली असं मी समजेन.