छोट्या कणत्वरकांचा शोध

अणूचा पाठ चालू असता ‘अणूच्या आत काय आहे हे शास्त्रज्ञांस कळले तरी कसे?’ असे एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो. त्याचे थोडक्यात उत्तर असे की, इलेक्ट्रॉन, प्रोटॉन यांसारखे कण प्रचंड वेगाने पदार्थावर आदळवून त्यातून काय उडते हे पाहावयाचे. कणांस असा वेग देणाऱ्या यंत्रास कणत्वरक म्हणतात.

विजेरीतील एका घटाचा दाब दीड व्होल्ट असतो. त्या दाबातून गेलेल्या इलेक्ट्रॉनास दीड इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते. येथून आरंभ केल्यास पुढील आकडे मुलांस अवघड वाटणार नाहीत. १९३१ साली कॅलिफोर्नियातील बर्कले येथे अर्नेस्ट लॉरेन्स व त्यांचे विद्यार्थी लिव्हिंगस्टन यांनी तळहाताएवढ्या सायक्लोट्रॉनमध्ये कणांस ८०,००० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा दिली. एकच मोठा धक्का न देता, झोपाळ्यास देतात तसे लहान लहान झोके योग्य वेळी द्यावयाचे, ही त्यांची युक्ती.

पुढे ऊर्जेची गरज वाढली तशी यंत्रेही वाढत गेली. जिनिव्हाजवळील सर्न संस्थेच्या कणत्वरकाचा घेर २७ किलोमीटर आहे; त्यास अब्जावधी डॉलर खर्च आला. आपल्या देशात इंदूर येथील ‘इंडस-२’चा घेर १७२ मीटर असून त्यात इलेक्ट्रॉन अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत नेतात. अशी यंत्रे प्रत्येक विद्यापीठास कोठून परवडणार?

यंत्र लांबलचक होण्याचे कारण धातूत आहे. नेहमीच्या त्वरकात धातूच्या पोकळ्यांतील विद्युत्क्षेत्र कणांस ढकलते. हे क्षेत्र मीटरमागे सुमारे १० कोटी व्होल्टच्या आसपास गेले की ठिणग्या पडून धातू खराब होऊ लागतो. म्हणून धक्का बेताचा आणि मार्ग लांब.

१९७९ साली ताजिमा व डॉसन यांनी निराळीच वाट सुचविली. धातूऐवजी प्लाझ्मा, म्हणजे ज्यातील अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झाले आहेत असा वायू, वापरावा. जो आधीच मोडलेला आहे, तो आणखी काय मोडणार! त्यातून लेसरचा अत्यंत अल्पकालीन व प्रखर स्पंद सोडला असता तो हलक्या इलेक्ट्रॉनांस बाजूस सारतो. जड आयन जागीच राहतात. इलेक्ट्रॉन लगेच परत धावतात आणि स्पंदामागे लाटा उठतात. खाडीत होडी पुढे गेल्यावर तिच्यामागे लाटा उठतात, तसाच हा प्रकार. या लाटेच्या उतारावर सापडलेला इलेक्ट्रॉन तिच्याबरोबर पुढे रेटला जातो.

असे लेसर त्या वेळी नव्हते. १९८५ साली स्ट्रिकलंड व मूरू यांनी स्पंद आधी ताणून, मग वर्धित करून, शेवटी पुन्हा आवळण्याची रीत काढली. त्याबद्दल त्यांस २०१८ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. बर्कले येथेच २००६ साली ३.३ सेंटिमीटर लांबीत इलेक्ट्रॉनांस एक अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळाली. २०१९ साली २० सेंटिमीटरांत ७.८ अब्ज. स्टॅनफर्डच्या ३ किलोमीटर लांबीच्या जुन्या त्वरकात एवढ्या ऊर्जेसाठी सुमारे अर्धा किलोमीटर लागत असे.

तथापि ‘टेबलावर मावणारा त्वरक’ असे मथळे वर्तमानपत्रांत येतात, त्यांविषयी विद्यार्थ्यांस सावध करणे अगत्याचे आहे. वीतभर असते ती प्लाझ्माची नळी. तिला लागणारा लेसर मोठी खोली व्यापतो आणि तोही स्वस्त नसतो. शिवाय बर्कलेचा लेसर सेकंदास एकच स्पंद सोडतो. सर्व इलेक्ट्रॉनांची ऊर्जा सारखी राखणे कठीण जाते. एका नळीतून निघालेला झोत दुसऱ्या नळीत अचूक शिरविणे तर फारच नाजूक काम. दोन टप्पे जोडण्यात २०१६ साली यश आले, परंतु दुसऱ्या टप्प्यात भर पडली ती सुमारे १० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टचीच. सर्नमधील यंत्राची जागा ही नळी आज घेऊ शकत नाही. मात्र क्ष-किरणांचे लहान स्रोत, पदार्थांचे परीक्षण, कर्करोगावरील उपचार यांकरिता एवढी मोठी ऊर्जा लागतच नाही, आणि छोट्या त्वरकाचा उपयोग तेथे आधी होण्याचा संभव अधिक आहे.