घरगुती सर्व्हरसाठी बाह्य हार्ड डिस्क पेटीची स्वनिर्मिती : तत्त्वे आणि व्यवहार

प्रस्तावना :

अध्यापकाच्या अभ्यासिकेत आज कागदी संग्रहाच्या जोडीला तेवढाच मोठा अंकीय संग्रह साठलेला असतो. हस्तलिखितांच्या प्रतिमा, बोलीभाषांची ध्वनिमुद्रणे, क्षेत्रभेटींची छायाचित्रे, प्रयोगशाळेतील निरीक्षणे असे त्याचे स्वरूप असते. यांपैकी बरेचसे साहित्य अन्यत्र कोठेही उपलब्ध नसते. ज्या वृद्ध गायिकेच्या आवाजात ओव्या मुद्रित केल्या, ती पुन्हा भेटेलच असे नाही. हा संग्रह एकत्र ठेवून घरातील सर्व संगणकांवरून वापरता यावा, यासाठी एखाद्या जुन्या संगणकालाच सर्व्हरचे रूप दिले जाते. मात्र अशा संगणकाच्या खोक्यात बहुधा एक-दोन डिस्कपुरतीच जागा असते आणि अधिक डिस्कसाठी बाहेर स्वतंत्र पेटीची गरज भासते.

बाजारात तयार पेट्या मिळतात. तथापि अशी पेटी स्वतः बांधणेही शक्य आहे. प्रस्तुत लेखात ३.५ इंची चार डिस्क सामावणारी पेटी उदाहरणादाखल घेऊन तिच्या रचनेमागील तत्त्वे स्पष्ट केली आहेत. विवेचनाच्या केंद्रस्थानी दोन प्रश्न आहेत. पहिला, डिस्कचे आयुष्य कशाने घटते आणि पेटी ते कसे राखू शकते? दुसरा, पेटी बिघडली तर आतील डिस्क अन्य संगणकावर वाचता येतील काय?

पेटीचे स्वरूप आणि कार्य :

१९५६ साली आयबीएमने सादर केलेल्या पहिल्या हार्ड डिस्क यंत्रणेत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आजची ३.५ इंची डिस्क सुमारे १४७ मिमी लांब, १०१.६ मिमी रुंद आणि २६.१ मिमी उंच असते. तिची धारणक्षमता मूळ यंत्रणेच्या लक्षावधी पट असली तरी कार्यतत्त्व तेच आहे : फिरणारी चुंबकीय तबकडी आणि तिच्यावरून सरकणारे वाचन-लेखन शीर्ष. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीपासून हे शीर्ष अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. म्हणून पेटी हे डिस्कवरचे निव्वळ आवरण ठरत नाही. डिस्कला स्थिर वीजपुरवठा, पुरेसा थंडावा, दृढ आधार आणि विश्वसनीय संदेशमार्ग पुरवणे ही पेटीची चार कार्ये होत.

संदेशमार्गाची निवड :

सर्व्हर आणि पेटी जोडण्याचे दोन मार्ग प्रामुख्याने उपलब्ध आहेत. पहिला यूएसबीचा. २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० या मानकाचा वेग सेकंदाला ५ गिगाबिट आहे. एक डिस्क सलग वाचनात सेकंदाला साधारणतः २०० ते २५० मेगाबाइट माहिती देते, तर घरातील एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून सेकंदाला सुमारे ११५ मेगाबाइटच पुढे जाऊ शकतात. म्हणजे सामान्य वापरात यूएसबीचा वेग कमी पडत नाही. नेटवर्कच आधी अपुरे पडते.

यूएसबीची खरी अडचण वेगळी आहे. डिस्क आणि यूएसबी यांच्यामध्ये रूपांतर करणारे एक लहान सर्किट बोर्ड असते. काही बोर्ड डिस्कच्या स्वास्थ्याच्या नोंदी सर्व्हरपर्यंत पोहोचू देत नाहीत. काही बोर्ड डिस्कवरील विभागांचा आकार मूळ आकाराहून वेगळा भासवतात. असा बोर्ड जळाल्यावर डिस्क सुस्थितीत असूनही दुसऱ्या संगणकाला थेट जोडली असता रिकामी दिसू शकते. अनेक डिस्क एकत्र करून एकच मोठी डिस्क दाखवणाऱ्या काही तयार पेट्यांत हा धोका अधिक असतो, कारण माहितीची मांडणी त्या बोर्डालाच ठाऊक असते.

दुसरा मार्ग सर्व्हरमध्ये एचबीए कार्ड बसवण्याचा आहे. एसएएस प्रकारच्या अशा कार्डाला साध्या साटा डिस्क जोडता येतात. बाहेरच्या बाजूस एसएफएफ-८०८८ प्रकारची जोडणी असलेल्या एका केबलमधून चार स्वतंत्र मार्ग जातात. त्यामुळे चारही डिस्कना आपापला मार्ग मिळतो. यात रूपांतर करणारा मध्यस्थ नसतो. डिस्क आहे तशीच सर्व्हरला दिसते आणि उद्या ती कोणत्याही साटा जोडणीवर वाचता येते. साटा डिस्कचा संदेश फार लांब जाऊ शकत नसल्याने सर्व्हर आणि पेटी यांतील केबल एक मीटरच्या मर्यादेत ठेवणे इष्ट ठरते. स्वनिर्मित पेटीचे सर्वात मोठे समर्थन डिस्कच्या या स्वातंत्र्यात आहे.

वीजपुरवठा आणि सुरक्षितता :

३.५ इंची डिस्कला १२ व्होल्ट आणि ५ व्होल्ट असे दोन दाब लागतात. यूएसबी ३.० च्या सामान्य जोडणीतून ५ व्होल्टला ९०० मिलिअँपिअर, म्हणजे केवळ ४.५ वॅट मिळतात. त्यावर अशी डिस्क चालत नाही. तबकडी फिरू लागण्याच्या क्षणी १२ व्होल्टच्या वाहिनीवर एका डिस्कला सुमारे २ अँपिअर लागतात. चार डिस्क एकाच वेळी सुरू झाल्यास ८ अँपिअर, म्हणजे ९६ वॅटचा भार काही सेकंद पडतो. पुढे हाच भार २८ ते ३० वॅटपर्यंत उतरतो. म्हणून वीजपुरवठ्याची निवड सुरुवातीच्या भारावरून करावी. १२ व्होल्टला १२ अँपिअर देणारे साधन येथे पुरेसे ठरते.

अशा पेटीत संगणकाचा नेहमीचा एटीएक्स वीजपुरवठा वापरता येतो. मदरबोर्ड नसल्याने तो आपोआप सुरू होत नाही. त्याच्या २४ पिनांच्या जोडणीतील सोळावी पिन, जिची तार बहुधा हिरवी असते, कोणत्याही काळ्या तारेशी स्विचमार्गे जोडल्यास तो सुरू होतो. वीजपुरवठ्याचे स्वतःचे आवरण मात्र कधीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये घातक दाब टिकून असतो.

सिरीयल एटीए मानकाच्या २०१६ मधील ३.३ आवृत्तीने वीजजोडणीतील तिसऱ्या संपर्काला डिस्क बंद करण्याचे काम दिले. जुन्या वीजपुरवठ्यात त्याच संपर्कावर ३.३ व्होल्ट असतात. त्यामुळे काही नव्या डिस्क जुन्या वीजपुरवठ्यावर फिरतच नाहीत आणि नादुरुस्त असल्याचा समज होतो. ३.३ व्होल्टची तार नसलेली जोडणी वापरल्यास ही अडचण दूर होते. अशी जोडणी घेताना तारा प्लास्टिकच्या साच्यात एकत्र ओतलेला प्रकार टाळावा. त्यात तारा परस्परांना टेकून पेट घेण्याचा धोका असतो.

२३० व्होल्टची वीज पेटीत येत असेल, तर धातूचे आवरण अर्थिंगला जोडणे अनिवार्य आहे. प्लगची मोठी पिन आणि पेटीचा रंग न दिलेला धातूचा भाग यांत सातत्य आहे किंवा नाही, हे प्लग काढलेला असताना मल्टिमीटरने तपासावे. जुन्या घरांतील तीन छिद्रांच्या सॉकेटला प्रत्यक्ष अर्थिंग असेलच असे नाही. ते वायरमनकडून तपासून घ्यावे. ज्यांना विजेच्या कामाचा सराव नाही, त्यांनी १२ व्होल्टचा तयार अ‍ॅडॅप्टर पेटीबाहेर ठेवावा आणि आत १२ व्होल्टपासून ५ व्होल्ट देणारे तयार साधन बसवावे.

उष्णता आणि वायुवीजन :

चार डिस्कमधून निघणारी २८ वॅट उष्णता ही लहानशा बल्बएवढी असली तरी बंद खोक्यात ती साचत जाते. ही उष्णता वाहून नेताना हवेचे तापमान ५ अंशांहून अधिक वाढू द्यायचे नसेल, तर सेकंदाला सुमारे ५ लिटर हवा पुरते. १४० मिमीचा पंखा संथ गतीनेही याच्या कितीतरी पट हवा ढकलतो. तेव्हा मोठा किंवा वेगवान पंखा आणण्यापेक्षा हवेला डिस्कमधूनच जाण्यास भाग पाडणे महत्त्वाचे ठरते. दोन डिस्कमध्ये १२ मिमी अंतर ठेवल्यास चार डिस्कची एकूण उंची सुमारे १४० मिमी होते आणि तेवढाच पंखा समोर नेमका बसतो. कडेच्या फटी बुजवल्या नाहीत, तर हवा डिस्कना वळसा घालून निघून जाते.

आवरणासाठी अ‍ॅल्युमिनिअम सर्वाधिक उपयुक्त आहे. लाकूड किंवा अ‍ॅक्रिलिकच्या तुलनेत ते सुमारे हजारपट अधिक उष्णतावाहक असते. लाकडी पेटी बांधता येते; परंतु तिची सारी मदार पंख्यावर राहते.

तापमानाचा परिणाम किती, याविषयी मतभेद आहेत. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कच्या नोंदी तपासल्या. मध्यम तापमानात तापमान आणि बिघाड यांचा संबंध त्यांना अपेक्षेहून क्षीण आढळला. अतिउच्च तापमानात आणि जुन्या डिस्कमध्ये मात्र बिघाड वाढलेले दिसले. हे निष्कर्ष वातानुकूलित केंद्रांतील आहेत. मे महिन्यात नागपूर, अकोला किंवा चंद्रपूर येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा बंद खोलीतील डिस्क नेमकी त्या अतिउच्च टप्प्यात पोहोचते. कोकणात आर्द्र, खारी हवा जोडणीच्या संपर्कांना गंज आणते. स्थानिक हवामानाचा विचार म्हणूनच येथे गौण ठरत नाही.

कंपन आणि बांधणी :

सन मायक्रोसिस्टिम्सच्या ब्रेंडन ग्रेग यांनी २००८ च्या अखेरीस चालू डिस्कसमोर मोठ्याने ओरडून त्यांचा प्रतिसाद मंदावल्याचे आलेखावर दाखवले होते. आवाजाचा परिणाम होत असेल, तर शेजारच्या डिस्कचे कंपन आणि असंतुलित पंखा यांचा प्रभाव सहज लक्षात येतो. डिस्क दृढ चौकटीला घट्ट बसवाव्यात, पंखा रबरी खिळ्यांवर बसवावा आणि संपूर्ण पेटीला रबरी पाय द्यावेत. ३.५ इंची डिस्कला ६-३२ मापाचे, तर २.५ इंची डिस्कला एम३ मापाचे स्क्रू लागतात. चुकीच्या मापाचा स्क्रू जोर लावून बसवल्यास आटे कायमचे बिघडतात.

चाचणी, देखरेख आणि मर्यादा :

पेटी बांधून झाल्यावर प्रथम डिस्क न बसवता वीजदाब मोजावा. त्यानंतर महत्त्वाची माहिती नसलेली एक डिस्क बसवून दिवसभर वाचन-लेखन करून पाहावे. नित्य वापरात पेटी आधी आणि सर्व्हर नंतर सुरू करावा. बंद करताना क्रम उलटा ठेवावा. दोन्ही एकाच यूपीएसवर असावेत. अन्यथा वीज जाताच पेटी बंद पडते आणि सर्व्हर अर्धवट लेखनासह चालू राहतो.

प्रत्येक डिस्क स्वतःच्या स्वास्थ्याच्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते. त्यांपैकी पाचवी नोंद बदललेल्या विभागांची, १९४ वी तापमानाची आणि १९७ वी संशयित विभागांची असते. उपरोक्त अभ्यासानुसार, तपासणीत पहिली त्रुटी आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याची शक्यता त्रुटी नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. परंतु त्याच अभ्यासात निकामी झालेल्या निम्म्याहून अधिक डिस्कच्या प्रमुख स्मार्ट नोंदींत पूर्वसूचना नव्हती. यावरून पेटीची मर्यादा स्पष्ट होते. उत्तम पेटी डिस्कचे आयुष्य वाढवू शकते, हमी देऊ शकत नाही. रेड पद्धतीने डिस्क एकत्र केल्या, तरी चुकून पुसलेली फाइल, वीज कोसळणे, आग किंवा चोरी यांपासून संरक्षण मिळत नाही. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि एक घराबाहेर, हा नियम पेटी कितीही चांगली असली तरी कायम राहतो.

समारोप :

सुटे भाग नव्याने विकत घेतल्यास स्वनिर्मित पेटी तयार पेटीपेक्षा स्वस्त पडेलच असे नाही. जुना वीजपुरवठा, पंखा आणि पत्रा हाताशी असेल, तरच खर्चात बचत होते. तिचा लाभ अन्यत्र आहे. प्रत्येक भाग स्वतंत्र असल्याने तो सुटा बदलता येतो, आणि डिस्क कोणत्याही एका बोर्डाची बंदी राहत नाही. तयार पेटी घेणाऱ्यानेही हाच निकष लावावा. विकत घेतल्यावर एक डिस्क काढून ती दुसऱ्या संगणकाला थेट जोडावी आणि वाचता येते का, ते पाहावे. ही कसोटी पेटी रिकामी असतानाच घेणे श्रेयस्कर. संग्रह भरल्यानंतर तिचे उत्तर प्रतिकूल आले, तर ते फार महागात पडते.