सक्तीची लष्करभरती व महाविद्यालयीन विद्यार्थी
महाविद्यालयीन शिक्षणाचा आरंभ आणि सक्तीच्या सैनिकी सेवेचे दायित्व ही दोन्ही तरुणापुढे साधारणपणे अठराव्या वर्षी एकदमच येतात. सिंगापूरमध्ये सामान्यतः सेवा प्रथम व विद्यापीठ नंतर असा क्रम आहे. दक्षिण कोरियात अनेक विद्यार्थी एकदोन वर्षे शिकून, मध्येच रजा घेऊन सेवा पुरी करतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी शिक्षण संपेपर्यंत सेवा तहकूब ठेवण्याचा मार्ग पत्करला आणि त्यातूनच या प्रश्नाची सामाजिक बाजू ठळकपणे पुढे आली.

कोरियन युद्धाच्या काळात, अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या १९५१ मधील आदेशानुसार, वर्गातील क्रमांक किंवा एका लेखी चाचणीतील गुण पाहून स्थानिक भरती-मंडळे विद्यार्थ्यास तहकुबी देऊ लागली. १९६७ च्या कायद्याने हे निकष मागे पडले. पदवीपूर्व वर्गात समाधानकारक प्रगती असणाऱ्यास मागणी करताच, पदवी मिळेपर्यंत किंवा वयाची २४ वर्षे पूर्ण होईपर्यंत तहकुबी मिळे. मात्र विद्यार्थी पूर्णवेळ असावा लागे आणि चार वर्षांच्या अभ्यासक्रमाचा चौथा हिस्सा दरवर्षी पुरा व्हावा लागे. नोकरी सांभाळून थोडेथोडे विषय घेणारा गरीब विद्यार्थी येथेच अडे.

तहकुबी म्हणजे माफी नव्हे; ती घेणाऱ्याचे दायित्व कायद्याने २६ ऐवजी ३५ व्या वर्षापर्यंत राही. व्यवहारात मात्र सव्वीस वर्षे ओलांडलेल्यास क्वचितच बोलावणे येई. परिणामी व्हिएटनाम युद्धात भरतीचा भार महाविद्यालयापर्यंत न पोहोचलेल्या, अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांवर अधिक पडला. बर्क मार्शल यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९६७ मध्येच विद्यार्थ्यांना नव्याने तहकुबी न देण्याची शिफारस केली होती; काँग्रेसने त्याच वर्षी नेमके उलट केले.

१ डिसेंबर १९६९ रोजी जन्मतारखांच्या ३६६ चिठ्ठ्या काढून भरतीचा क्रम ठरविण्यात आला. चिठ्ठ्या नीट मिसळल्या न गेल्याने वर्षअखेरीस जन्मलेल्यांच्या वाट्यास आरंभीचे क्रमांक अधिक आले. तहकुबी तशीच राहिल्याने सोडतीतील समता अपुरीच होती. १९७१ च्या कायद्याने त्या उन्हाळ्यापासून महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्यांची तहकुबी बंद झाली. बोलावणे आल्यास चालू सत्र, व अंतिम वर्षात असल्यास ते वर्ष, पुरे करण्यापुरतीच सवलत उरली. सक्तीची भरतीच १९७३ मध्ये थांबली. १९८० मध्ये नावनोंदणी पुन्हा सुरू झाली. १९८२ च्या कायद्याने ती न करणाऱ्या विद्यार्थ्यास संघीय शैक्षणिक अर्थसाहाय्य नाकारण्यात आले. ही अट २०२० च्या कायद्याने रद्द झाली.