पाण्यावरचे ट्रॅम्पोलिन : खरेदीपूर्वी एवढे वाचा

उन्हाळ्याची सुटी लागली की मुलांची पावले आपोआप पाण्याकडे वळतात. पूर्वी आपल्याकडे पोहायला शिकणे म्हणजे मळ्यातली विहीर, पाठीला बांधलेला पांगाऱ्याचा बिंडा किंवा भोपळ्याची सांगड आणि काठावर उभा असलेला काका नाहीतर मामा. पुढे बिंड्याची जागा ट्रॅक्टरच्या ट्यूबने घेतली. आता मोबाइलवर बोट टेकवले की हवा भरून फुगवायचे, पाण्यावर तरंगणारे ट्रॅम्पोलिन घरपोच येते. परदेशात तळ्याकाठी घर असणारे लोक ते सर्रास वापरतात.

पैठण भागातील एका मोसंबी बागायतदारांनी अलीकडेच मला विचारले, "डॉक्टरसाहेब, शेततळ्यात हे टाकले तर मुलांना व्यायाम होईल. घ्यावे का?" प्रश्न रास्त आहे. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि आपल्या जिल्ह्यात वाडी-वस्तीपर्यंत प्लॅस्टिकचे अस्तर लावलेली शेततळी झाली. घरचे पाणी आहे, मुले मोबाइलमधून डोके वर काढत नाहीत, तेव्हा असा विचार मनात येणारच. म्हणून उत्तर सविस्तर देत आहे.

साधन आहे तरी काय?

जाड पीव्हीसी कापडाची मोठी गोल नळी हवा भरून फुगवतात. तिच्या मधोमध ताणलेले मजबूत कापड असते, त्यावर उड्या मारायच्या. काही प्रकारांत कापडाभोवती स्प्रिंगा असतात, काहींत नसतात. स्प्रिंगवाले अधिक उंच फेकते. साधन वाऱ्याने वाहून जाऊ नये म्हणून त्याला खाली साखळी आणि वजन बांधतात. वर चढायला एक शिडी असते.

उड्या मारणे हा व्यायाम आहे, यात शंका नाही. पायांचे व कमरेचे स्नायू बळकट होतात, तोल सुधारतो, दम वाढतो. मी मुलांच्या खेळाच्या विरोधात नाही. माझा आक्षेप जागेला आहे.

खोलीचा पेच

उडी मारणारा माणूस कधीतरी पाण्यात पडणारच. खाली पाणी उथळ असेल तर डोके तळावर आपटते, मानेचा मणका मोडतो आणि धडधाकट मुलगा क्षणात हातापायांनी लुळा होऊ शकतो. म्हणूनच उत्पादक साधारण ८ ते १० फूट, मोठ्या आकारासाठी त्याहूनही अधिक खोल पाणी लागते असे सांगतात. म्हणजे उडीसाठी पाणी खोल हवे. पण पोहता न येणाऱ्या मुलाला तेच पाणी जीवघेणे असते. एका धोक्यापासून वाचावे तर दुसरा उभा राहतो. यातून वाट एकच : ज्याला काहीही न बांधता खोल पाण्यात पोहता येते, त्यानेच यावर चढावे.

आता शेततळ्याचे पाहू. योजनेतले मोठे शेततळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल असते. म्हणजे काठोकाठ भरले तर मधोमध १० फूट पाणी. परंतु त्याच्या बाजू उतरत्या असतात. वाऱ्याने ट्रॅम्पोलिन काठाकडे सरकले की उडी मारणारा उतारावर आपटतो. सरकू नये म्हणून वजन आणि साखळी सोडावी, तर अस्तर फाटण्याची भीती. चारही बाजूंनी दोर बांधावेत, तर त्यात पाय अडकण्याची भीती.

शिवाय आपल्याकडे सुटी आणि पाणी यांचे गणित उलटे आहे. तळे भरलेले असते ऑक्टोबरात, आणि मुलांना सुटी असते एप्रिल-मेमध्ये. तोवर बागेला पाणी देऊन देऊन तळ्यात चार-पाच फूट पाणी उरते. उडी मारायला ते उथळ, आणि लहान मुलाला बुडायला पुरेसे.

सर्वांत मोठा धोका मात्र अस्तराचाच आहे. ओल्या, शेवाळलेल्या प्लॅस्टिकवर पाय ठरत नाही. चांगला पोहणारा गडीसुद्धा उतारावरून पुन्हा पुन्हा घसरतो आणि दमून बुडतो. त्याला काढायला गेलेलाही त्याच वाटेने जातो. म्हणून अस्तराच्या शेततळ्यात ट्रॅम्पोलिन टाकू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. तुमचे शेततळे असेल तर आधी त्याला तारेचे कुंपण आणि कुलूपबंद फाटक करा. चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर पाण्यात सोडून ठेवा. काठावर हवा भरलेली एक ट्यूब दोर बांधून तयार ठेवा.

कोणी म्हणेल, मग नाथसागरात टाकू. जायकवाडीचा हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि आपल्या शहराचे पिण्याचे पाणी तेथूनच येते. खासगी खेळाची ती जागा नव्हे.

तरीही घ्यायचेच असेल तर

खासगी, खोल, स्वच्छ आणि अस्तर नसलेला तलाव ज्यांच्याकडे आहे, त्यांनी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) हवेचे कप्पे एकाहून अधिक आहेत का? एकच कप्पा असेल तर एका काट्याने सारे साधन बसते. जोड, झडप आणि शिडीचे पट्टे ओढून पाहा.

२) किती वजन चालते, पाणी किती खोल हवे, वय किती हवे, हे त्यावर छापलेले नसेल तर घेऊ नका.

३) हवा कमी दाबाच्या पंपाने भरा, पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरने नव्हे. दुपारच्या उन्हात आतली हवा प्रसरण पावते. तट्ट फुगवलेले साधन शिवणीत उसवते.

४) एका वेळी एकानेच उड्या माराव्यात. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जमिनीवरच्या ट्रॅम्पोलिनबाबत नमूद केले आहे की, सुमारे तीन चतुर्थांश इजा अनेकजण एकत्र उड्या मारताना होतात आणि त्यांत सर्वांत लहान मुलाला अधिक लागते. सहा वर्षांखालील मुलांना मुळीच चढवू नका. कोलांटउडी आणि डोक्याकडून सूर, दोन्ही बंद.

५) वळिवाचे ढग दिसताच सर्वांना बाहेर काढा. डिसेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातील टास्मानियात वाऱ्याच्या झोताने हवेचा झुलता किल्ला उचलला गेला आणि सहा मुले दगावली. ते तर जमिनीवर होते.

६) प्रत्येकाला लाइफ जॅकेट हवे. ते फोमचे असावे, हवेचे नको. अंगात घालून खांद्याजवळ धरून वर ओढा; कानापर्यंत सरकले तर ते मोठे आहे. लहान मुलाच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा असावा. दंडावर चढवायचे फुगे ही खेळणी आहेत, त्यांच्यावर जीव सोपवू नये.

७) उन्हात पीव्हीसी चटका बसण्याइतके तापते. दुपारचा खेळ टाळा.

८) काम झाल्यावर धुऊन, सुकवून, उंदीर पोहोचणार नाहीत असे ठेवा. उंदीर कापड कुरतडतात, आणि त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका. पोहल्यानंतर एक-दोन आठवड्यांत जोराचा ताप, पिंढऱ्या दुखणे, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसली तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचे आवर्जून सांगा.

बुडणारा ओरडत नाही

सिनेमात बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो. प्रत्यक्षात त्याला श्वासच पुरत नाही, तर ओरडणार कोठून? मूल निमूटपणे पाण्याखाली जाते, तेही मिनिटभरात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली आणि त्यांतील निम्मी तिशीच्या आतली होती. म्हणून पाण्याजवळ एक मोठा माणूस केवळ लक्ष ठेवण्यासाठी हवा. हातात मोबाइल नको, पोटात दारू नको.

कोणी बुडताना दिसले तर उडी टाकू नका. दोर, काठी, साडी, ट्यूब जे हाताशी येईल ते फेका. बाहेर काढल्यावर हाक मारा, छाती हलते का पाहा. श्वास नसेल तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच कामाला लागावे. उताणे झोपवून हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडाने ५ श्वास द्या. मग छातीच्या मधोमध तळहाताने मिनिटाला १०० ते १२० या वेगाने ३० दाब द्या, नंतर २ श्वास, पुन्हा ३० दाब. मोठ्या माणसाची छाती सुमारे ५ सेंटिमीटर दबली पाहिजे. मुलाची एक तृतीयांश. मदत येईपर्यंत थांबू नका. उडी मारताना मान दुखावल्याचा संशय असेल तर मान वळवू नका. डोके आणि धड एका रेषेत धरा.

आपल्याकडे पोट दाबणे, पालथे टाकणे, डोक्यावर घेऊन गरगर फिरवणे, मिठात ठेवणे असे प्रकार चालतात. त्यांचा काडीचाही उपयोग नाही. पोट दाबल्याने उलटी होऊन ती फुप्फुसांत जाते. प्राणवायू न मिळाल्यास मेंदूला चार ते सहा मिनिटांत इजा होऊ लागते; ती मिनिटे या प्रकारांत निघून जातात. आणि रोगी शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी रुग्णालयात न्यायलाच हवे. फुप्फुसांना सूज येऊन काही तासांनी धाप लागू शकते.

पालकांना माझे एवढेच सांगणे आहे : ट्रॅम्पोलिनवर खर्च करण्याआधी तो पैसा मुलांना जाणत्या शिक्षकाकडून पोहायला शिकवण्यावर खर्च करा. मुलींनाही शिकवा आणि स्वतःही शिका. फुगवलेले साधन आज ना उद्या फुटेल. एकदा अंगी आलेले पोहणे जन्मभर साथ देते.