ज्येशिवाय सूर्य गाठणारे गणेश दैवज्ञ

मोहोळहून पंढरपूर जवळ. आषाढी एकादशी कधी, हे पाहायला इथल्या घरांत सोलापूरचेच दाते पंचांग उघडले जाते. पण छापील पंचांगे नव्हती तेव्हा? जोशीबुवा हातानेच गणित करीत, आणि महाराष्ट्रात शेकडो वर्षे त्या गणिताचा मोठा आधार होता ‘ग्रहलाघव’. कर्ते गणेश दैवज्ञ, कोकणातल्या नांदगावचे, जन्म 1507. वडील केशव हेही नामांकित ज्योतिर्विद. ग्रंथातली गणना शके 1442 पासून, म्हणजे 1520 पासून सुरू होते. तेव्हा गणेश अवघे 13 वर्षांचे!

जुन्या रीतीने ग्रह काढायचा तर कलियुगारंभापासूनचे दिवस मोजायचे. 1520 साली ते सुमारे 16 लाख 88 हजार भरत होते. गणेशांनी 11 वर्षांचे, 4016 दिवसांचे चक्र धरले. झालेल्या प्रत्येक चक्रासाठी ग्रहाचा एक ठरलेला आकडा वापरायचा, आणि दिवस मोजायचे ते फक्त चालू चक्रातले.

खरी किमया पुढे आहे. सूर्य रोज सारख्या वेगाने सरकत नाही, म्हणून त्याच्या मध्यम स्थानाला ‘मंदफल’ द्यावे लागते. त्यासाठी कोनाची ज्या हवी. शाळेत आपण तिला साइन म्हणतो. गणेशांनी ज्याच काढून टाकली! कोनाच्या अंशांना 9 ने भागा. आलेला आकडा 20 मधून वजा करा आणि दोन्हींचा गुणाकार करा. त्या गुणाकाराचा नववा भाग 57 मधून वजा करा, आणि जे उरेल त्याने गुणाकाराला भागा. 90 अंशांना 10 गुणिले 10 म्हणजे 100, त्याला 45.89 ने भागले की 2.18 अंश. आता 30 अंश घ्या: उत्तर 1.09, जवळजवळ निम्मे. 30 अंशांचा साइनही निम्माच असतो. कोष्टक न पाहता! मी हे कागदावर पहिल्यांदा केले तेव्हा पुन्हा पुन्हा ताडून पाहिले.

पुढे 1545 मध्ये त्यांनी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. वर्तुळाच्या सुईसारख्या फाका करून त्या एकमेकींत बसवल्या की आयत होतो, आणि क्षेत्रफळ डोळ्यांना दिसते, हे त्यात आहे.

तुम्हीही हिशोब करून पाहा. शके 1948 चा गुढीपाडवा मार्च 2026 मधला. 1948 मधून 1442 वजा केले की 506. भागिले 11, उत्तर 46, बाकी शून्य. त्या पाडव्याला गणेशांचे सत्तेचाळिसावे चक्र सुरू होते.