वनस्पतिज प्रथिने : निष्कर्षण व विश्लेषण

धान्ये, कडधान्ये, पाने इ. वनस्पतिभागांतील प्रथिने विद्रावकांच्या साहाय्याने अलग करून त्यांचे प्रमाण, घटक व पोषणमूल्य ठरविण्याच्या प्रयोगशालेय पद्धती. नीरा नदीकाठच्या अकलूज (जि. सोलापूर) परिसरात ऊस प्रमुख असला, तरी जिल्ह्याच्या कोरडवाहू भागाचे मुख्य अन्नधान्य रबी ज्वारी (शाळू) होय. तिच्या उदाहरणाने या पद्धती स्पष्ट होतात.

एकूण प्रमाण : डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांच्या पद्धतीत (१८८३) पीठ संहत सल्फ्यूरिक अम्लात उत्प्रेरकासह तापवितात. त्यातील नायट्रोजनापासून अमोनियम सल्फेट बनते. त्यात क्षार मिसळून ऊर्ध्वपातनाने अमोनिया मिळवितात व अनुमापनाने मोजतात. प्रथिनांत सरासरी १६% नायट्रोजन असतो असे मानून येणाऱ्या आकड्यास ६·२५ ने गुणतात. पिठात १·६% नायट्रोजन आढळल्यास प्रथिने १०% ठरतात. तथापि नायट्रोजन प्रथिनांतला की अन्य पदार्थांतला, हे या पद्धतीने कळत नाही. चीनमध्ये २००८ साली उघडकीस आलेल्या दूधभेसळीत मेलॅमीन हे नायट्रोजनयुक्त संयुग वापरून याच उणिवेचा गैरफायदा घेतला गेला होता.

निष्कर्षण : अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ टॉमस बर ऑझ्बर्न यांनी विद्राव्यतेनुसार वर्गीकरण रूढ केले. पिठातील मेद हेक्झेनाने काढून टाकल्यावर पाण्याने अल्ब्युमिने, मिठाच्या विद्रावाने ग्लोब्युलिने, जलमिश्रित अल्कोहॉलाने प्रोलॅमिने व विरल क्षाराने ग्लुटेलिने क्रमाने विरघळवितात. प्रत्येक टप्प्यानंतर केंद्रोत्सारकाने गाळ वेगळा करतात. ज्वारीतील प्रमुख प्रोलॅमीन म्हणजे काफिरीन. त्याचे रेणू गंधकाच्या बंधांनी परस्परांशी जखडलेले असल्याने केवळ अल्कोहॉलाने ते पूर्णपणे निघत नाही. बंध तोडणारे क्षपणकारक द्रव्यही मिसळावे लागते.

विश्लेषण : जेलमधील विद्युत् संचारणाने प्रथिनांचे घटक रेणुभारानुसार अलग होतात. ॲमिनो अम्लांसाठी नमुना हायड्रोक्लोरिक अम्लात ११०° से. तापमानास सु. २४ तास ठेवून वर्णलेखन करतात. ज्वारीत लायसीन हे आवश्यक ॲमिनो अम्ल अल्प असल्याचे यातून दिसते. पेप्सीन या एंझाइमाच्या चाचणीत पिठापेक्षा शिजविलेल्या ज्वारीतील प्रथिने कमी पचतात; कारण ओल्या उष्णतेने काफिरिनातील बंध वाढतात.

यावरून केवळ नायट्रोजनाच्या आकड्याने धान्याचे पोषणमूल्य ठरत नाही, हे स्पष्ट होते. लायसिनाने समृद्ध अशा तूर, हरभरा यांसारख्या कडधान्यांची जोड भाकरीस दिल्यास ही उणीव बरीच भरून निघते.